सतराशे माणसांचे स्वराज्य

दिवाळीच्या अंकात दूरदेशची एखादी नवलाई वाचकांपुढे ठेवावी, असा या सदराचा शिरस्ता आहे. नवलाई म्हटली की वाचकांना आठवतात त्या गगनाला भिडणाऱ्या इमारती, भुयारातून धावणाऱ्या गाड्या, नाहीतर सोन्याच्या खाणी. यंदा यातले काहीच आम्ही देणार नाही. यंदा आम्ही वाचकांना अशा एका देशात नेणार आहोत, की ज्याची सगळीच्या सगळी प्रजा आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात सामावेल आणि वर चार मजले भाड्याने द्यायला रिकामे राहतील!

२०२२ साली या देशाची शिरगणती झाली. आकडा आला १,६८१. एवढ्या माणसांची स्वतःची राज्यघटना आहे, विधानसभा आहे, मंत्रिमंडळ आहे, न्यायालय आहे, पोस्टाची तिकिटे आहेत. देशाचे नाव निउए. तेथल्या भाषेत ‘निउ’ म्हणजे नारळ, आणि नावाचा अर्थ ‘अरे, हा पाहा नारळ!’ असा सांगतात. समुद्रात दिवसेंदिवस होडी हाकून थकलेल्या कुणा पूर्वजाला क्षितिजावर माडांची रांग दिसली असेल आणि त्याच्या तोंडून आनंदाने निघालेला उद्गार देशाला चिकटला असेल, अशी कल्पना करायला हरकत नाही. नारळावर जीव टाकणाऱ्या आपल्या मंडळींना तरी हे नाव परके वाटू नये.

नकाशात हे बेट शोधायचे तर भिंगच हवे. न्यूझीलंडपासून ईशान्येला सुमारे २,४०० किलोमीटर जावे. टोंगा, सामोआ आणि कुक बेटे यांच्यामध्ये पॅसिफिक महासागरात एक ठिपका आहे, तो निउए. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी जागा होते तिच्या निम्म्याच्या आसपास. बेटाला वळसा घालणारा रस्ता पासष्ट-एक किलोमीटरचा. सकाळचा चहा घेऊन मोटारीने निघालात, तर वाटेत थांबत थांबत देशप्रदक्षिणा करून दुपारच्या जेवणाला घरी परत!

आणखी एक गंमत आहे. न्यूझीलंड आणि निउए यांच्या मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. त्यामुळे ऑकलंडहून मंगळवारी सकाळी विमानात बसलेला माणूस साडेतीन-एक तासांनी निउएत उतरतो तो सोमवारी! गेलेला दिवस परत मिळतो तो असा. अर्थात परतीच्या प्रवासात तो सव्याज नव्हे, पण पुरता वसूल केला जातो.

हे बेट पोवळ्याच्या खडकाचे आहे. समुद्राच्या पोटातली ही भिंत युगायुगांत वर उचलली गेली आणि आज तिचा माथा समुद्रसपाटीपासून सत्तर-एक मीटर उंच आहे. चहूबाजूंना चुनखडीचे तुटलेले कडे, कड्यांत गुहा आणि कमानी, आणि कड्याखाली लगेच खोल समुद्र. रुपेरी वाळूचे लांबलचक किनारे शोधू लागाल तर फसाल. नदी नाही, ओढा नाही, तळे नाही. पडलेला पाऊस सच्छिद्र खडकातून थेट खाली झिरपतो, आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याची एक थाळी तरंगत राहते. भोके पाडून तेच पाणी पंपाने वर काढायचे. पण निसर्ग एका हाताने घेतो आणि दुसऱ्या हाताने देतो. ओढेच नसल्याने गाळ समुद्रात जात नाही, आणि त्यामुळे निउएभोवतीचे पाणी इतके नितळ, की पोहणाऱ्याला खाली खोलवरचे पोवळे आणि मासे काचेतून पाहिल्यासारखे दिसतात. जुलैपासून पुढे काही महिने मोठाले देवमासे पिल्लांना घेऊन किनाऱ्याच्या अगदी जवळ येतात.

बंदर मात्र निसर्गाने दिलेले नाही. मालवाहू जहाज बाहेर उभे राहते आणि माल तराफ्यावरून धक्क्यावर आणावा लागतो. मासेमारीच्या होड्या तर यारीने उचलून पाण्यात सोडतात आणि संध्याकाळी यारीनेच उचलून वर ठेवतात. जमीनही कसायला कठीण. खडकांच्या फटीफटीत माती आहे, तेवढ्यात शेती. तेथले मुख्य पीक कोणते असेल? अळू! आपण वडीसाठी पाने खुडतो. त्यांचे सारे चित्त कंदावर असते. निउएचे गुलाबी झाक असलेले कंद न्यूझीलंडला जातात. शिवाय थोडा मध, थोडा व्हॅनिला. आणि माडावर चढून नारळाचा समाचार घेणारा ‘उंगा’ नावाचा अजस्र खेकडा तेथले पक्वान्न मानला जातो.

हे झाले बेट. आता माणसे पाहू. ही माणसे पहिल्यापासून मोठी मानी.

१७७४ साली कॅप्टन कुक तेथे आला. बेटावरच्या लोकांनी त्याला पाय ठेवू दिला नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हुसकावले. रागावलेल्या कुकने नकाशात नाव टाकून दिले, ‘रानटी बेट’. दाराशी आलेल्या अनोळखी पाहुण्याला ‘बाहेरच थांबा’ म्हटल्याबद्दल यजमानाच्या माथी मारलेले हे विशेषण पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले. परक्या जहाजांबरोबर परके रोग येतात, ही त्या लोकांची भीती काही खोटी नव्हती. १८६३ साली पेरूचे गुलामव्यापारी आले आणि माणसे पळवून घेऊन गेले, तेव्हा तर रानटी कोण, याचा निकालच लागला.

ख्रिस्ती धर्म तेथे रुजला तो १८४६ सालापासून, आणि तोसुद्धा पेनिआमिना या त्यांच्याच माणसाच्या हातून. सामोआत धर्म स्वीकारून तो घरी परतला होता. पुढे युरोपीय सत्तांची पॅसिफिकमध्ये वाटणी सुरू झाली. तेव्हा फाताआइकी नावाच्या राजाने १८८७ साली थेट व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहून संरक्षण मागितले. इंग्रज साम्राज्याला उत्तर द्यायला तेरा वर्षे लागली. १९०० साली संरक्षण मिळाले आणि पुढच्याच वर्षी, १९०१ साली, बेट न्यूझीलंडच्या ताब्यात गेले. संरक्षण मागितले होते, मालकी मिळाली! त्यातून कारभार कुक बेटांना जोडून दिला, तेव्हा निउएच्या लोकांनी एवढी कुरकुर केली, की थोड्याच वर्षांत त्यांची चूल निराळी मांडून द्यावी लागली.

पहिल्या महायुद्धात या चिमुकल्या बेटाने १५० जवान पाठवले. इजिप्त, मग फ्रान्स. ज्यांनी आयुष्यात बूट घातले नव्हते, थंडी पाहिली नव्हती, ज्यांतल्या बहुतेकांना इंग्रजी येत नव्हते, त्यांना रणांगणापेक्षा हवेनेच अधिक लोळवले. बहुतेक सगळे आजारी पडले आणि त्यांना माघारी पाठवावे लागले. त्यांतले काही परतले नाहीत.

१९५३ साली तेथल्या रेसिडेंट कमिशनरचा, म्हणजे न्यूझीलंडने नेमलेल्या सर्वाधिकाऱ्याचा, तुरुंगातून पळालेल्या तिघा तरुणांनी खून केला. त्यांना फाशीची शिक्षा झाली. पण न्यूझीलंडमध्येच लोकमत खवळले. एकच माणूस अधिकारी, तोच न्यायाधीश, तोच तुरुंगाचा धनी, असा कारभार चालू देणारे आपण निर्दोष आहोत काय, हा प्रश्न लोकांनी विचारला. फाशी रद्द झाली, आणि परक्या बेटावर राज्य करण्याच्या नैतिक हक्काला पडलेला तडा काही बुजला नाही.

अखेर ३ सप्टेंबर १९७४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या निरीक्षकांसमोर सार्वमत झाले. लोकांनी स्वराज्याला कौल दिला आणि १९ ऑक्टोबर १९७४ पासून निउए स्वतःचा कारभार स्वतः पाहू लागले. रॉबर्ट रेक्स हे पहिले प्रीमियर. ते १९९२ साली वारले ते त्याच पदावर असताना.

हे स्वराज्य नेमके कसले, ते जरा समजून घेण्यासारखे आहे. घटनेच्या पंडितांनी त्याला ‘मुक्त सहयोग’ असे नाव दिले आहे. कायदे निउएचे, कर निउएचे, मंत्री निउएचे. न्यूझीलंडच्या संसदेने केलेला कायदा निउएने मागितल्याशिवाय आणि संमती दिल्याशिवाय तेथे लागू होत नाही. राष्ट्रप्रमुख मात्र न्यूझीलंडचा राजा, चलन न्यूझीलंडचा डॉलर, आणि बेटाच्या रक्षणाची जबाबदारी न्यूझीलंडची. आवश्यक ते आर्थिक आणि प्रशासकीय साहाय्य न्यूझीलंडने द्यावे, असे १९७४ च्या कायद्यातच लिहून ठेवले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निउएचा प्रत्येक माणूस न्यूझीलंडचा नागरिक आहे. वेगळे झालेल्या मुलाने आपली चूल मांडावी, पण थोरल्या घराची किल्ली त्याच्या खिशात राहू द्यावी, असा हा प्रकार.

परराष्ट्रांशी संबंध निउए स्वतः ठेवते. भारताने २०१२ साली त्याच्याशी राजनैतिक संबंध जोडले, अमेरिकेने २०२३ साली. संयुक्त राष्ट्रसंघाचे ते सभासद नाही, पण युनेस्को आणि जागतिक आरोग्य संघटना यांचे आहे.

विधानसभेत वीस सभासद. बेटावर चौदा गावे. प्रत्येक गावाचा एक प्रतिनिधी, आणि उरलेले सहा साऱ्या बेटाने मिळून निवडायचे. दर तीन वर्षांनी निवडणूक. नमुकुलूसारख्या गावात अवघी डझन-दोन डझन माणसे राहतात, पण राजधानी आलोफीच्या प्रतिनिधीच्या मताइतकेच त्या गावाच्या प्रतिनिधीचे मत. सभापती सभासदांबाहेरचा निवडतात. राजकीय पक्ष नाहीत. एकदा एक निघाला होता, तो २००३ साली विसर्जित झाला. जेथे उमेदवार आणि मतदार एकमेकांचे मामे-चुलते, तेथे पक्ष काढून करायचे काय? कित्येक गावांतून एकच अर्ज येतो आणि निवडणूक होतच नाही.

वाचकांपैकी कोणी हिशेबी असेल, तर त्याने एक त्रैराशिक मांडावे. चौऱ्याऐंशी माणसांमागे एक आमदार! २०११ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात. निउएचे प्रमाण लावले तर एकट्या मुंबईला दीड लाखाच्या आसपास आमदार लागतील. ही चैन आपल्याला परवडणार नाही, हे खरे. पण ज्याचा आमदार रोज सकाळी समोरच्या रस्त्याने जाताना हात हलवतो, त्याला गाऱ्हाणे घेऊन कोणाच्या ओळखीने जावे लागत नाही, हेही खरे.

आता घरखर्चाकडे वळू. येथे मात्र या स्वराज्याची ओढाताण आहे. सर्वांत मोठा नोकरी देणारा म्हणजे सरकार. न्यूझीलंडची मदत हा मोठा आधार. २००६ साली आंतरराष्ट्रीय निधी उभारला, त्याच्या उत्पन्नाचीही भर पडते. बाकी पैसा मिळवण्यासाठी या लोकांनी जे उद्योग केले ते वाचून कोणाही गृहस्थाला आपल्या महिनाअखेरची आठवण व्हावी. पोस्टाची तिकिटे संग्राहकांना विकली. परदेशी कंपन्यांची कागदोपत्री नोंदणी केली, तेव्हा जगातल्या मोठ्या देशांनी डोळे वटारले आणि ते दुकान बंद करावे लागले. सिनेमातल्या आणि व्यंगचित्रांतल्या पात्रांची चित्रे असलेली नाणी निउएच्या नावाने निघतात आणि संग्राहक ती विकत घेतात. म्हणजे खिशात घालून बाजारात नेण्यासाठी नव्हे, काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी!

इंटरनेटचा किस्सा तर भाषेच्या अभ्यासकाला विशेष रुचेल. प्रत्येक देशाला इंटरनेटवर दोन अक्षरांचा पत्ता मिळाला, तसा निउएला ‘एनयू’ मिळाला. आता स्वीडिश भाषेत ‘नू’ म्हणजे ‘आत्ता’. स्वीडनच्या लोकांनी हा पत्ता हातोहात घेतला. पण त्याची व्यवस्था आधी एका अमेरिकनाकडे होती, पुढे ती एका स्वीडिश संस्थेकडे गेली. २००३ साली बेटभर फुकट बिनतारी इंटरनेट मिळाले खरे, पण आपल्याच नावावर होणाऱ्या कमाईतला आपला वाटा कोठे आहे, हा निउए सरकारचा प्रश्न थेट स्वीडनच्या न्यायालयापर्यंत पोहोचला. दोन अक्षरांसाठी देश कोर्टाची पायरी चढला!

पण पैशापेक्षा मोठी चिंता निराळीच आहे. १९६६ साली निउएत ५,१९४ माणसे होती. १९७० च्या सुमारास विमानतळ झाला. ज्या दारातून जग आत यायचे होते, त्याच दारातून गावे बाहेर पडू लागली. थोरल्या घराची किल्ली खिशात होतीच. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, मोठ्या पगारासाठी पोरे ऑकलंडला गेली, मग म्हाताऱ्यांना नेले. आज न्यूझीलंडमध्ये निउएचे वंशज तीस हजारांहून अधिक आहेत, आणि बेटावर सतराशेही नाहीत. रस्त्याच्या कडेला, घरासमोर, वाडवडिलांच्या थडग्यांची निगुतीने राखण केलेली असते, आणि त्या मागचे घर बंद! छप्पर खचलेले, खिडकीतून वेल आत शिरलेला. गावातले घर बंद करून शहरात आलेल्या वाचकाला याहून अधिक सांगायला नको.

जानेवारी २००४ मध्ये हेटा नावाचे चक्रीवादळ आले. कड्याच्या माथ्यावरून लाटा आत घुसल्या. आलोफीतले इस्पितळ गेले. संग्रहालयातला जुना ठेवा जवळजवळ सगळा समुद्राने नेला. तेव्हा न्यूझीलंडमध्ये उघडपणे प्रश्न विचारला गेला, की एवढ्या थोड्या माणसांसाठी हे सारे पुन्हा उभे करावे काय? हा देश चालवण्यात अर्थ आहे काय?

हा प्रश्न निर्दयपणाचा नव्हता, हिशेबाचा होता. आणि हिशेब मांडणाराला उत्तर देणे फार कठीण. पण निउएच्या लोकांनी उत्तर दिले ते बोलून नव्हे. इस्पितळ पुन्हा बांधले. समुद्राच्या तोंडावरून हलवून आत, वरच्या पठारावर नेले. २००६ साली ते सुरू झाले. त्या वर्षीच्या शिरगणतीत १,६२५ माणसे होती, २०११ साली १,६११, २०१७ साली १,७१९, आणि २०२२ साली १,६८१. चाळीस वर्षे सतत घसरणारा आकडा वादळानंतर थांबला. त्यात टोंगा, तुवालू, फिलिपाइन्स इत्यादी ठिकाणांहून आलेली माणसेही आहेत, पण पूर पाहून पळालेल्या गावाचे हे आकडे नव्हेत.

तग धरण्याचे रहस्य आम्हांला तीन गोष्टींत दिसते. पहिली जमीन. बेटावरची जवळजवळ सगळी जमीन ‘मंगाफाओआ’च्या, म्हणजे भाऊबंदांच्या कुळाच्या, मालकीची आहे. ती परक्याला विकता येत नाही. त्यामुळे ऑकलंडला जन्मलेल्या नातवाचीही बेटावर जमीन असते. याचा जाचही आहे. गेलेल्यांच्या संमतीवाचून राहिलेल्यांना घर बांधता येत नाही, आणि सामाईक जमिनीचे कज्जे कसे असतात ते आपल्याला ठाऊकच आहे. पण जमीन विकता आली असती, तर आज तेथे सुंदर सुंदर हॉटेले असती आणि निउए नसते.

दुसरी गोष्ट संस्कार. तेथे मुलग्यांचे केस वाढवतात आणि मग थाटाने समारंभ करून ते कापतात. मुलींचे कान टोचण्याचाही समारंभ असतो. नातेवाईक दुरून दुरून येतात, पैशाचा आहेर करतात, जेवणावळी उठतात, आणि कोणी किती आहेर केला त्याची आठवणही ठेवली जाते! आपल्याकडच्या जावळाची आणि कान टोचण्याची आठवण व्हावी असे हे सोहळे ऑकलंडमध्येही होतात.

तिसरी गोष्ट समुद्र. काही काळ अमुक ठिकाणी कोणी मासे मारू नयेत, अशी बंदी गावाने घालायची जुनी रीत तेथे आहे. तिला ‘फोनो’ म्हणतात. ती रीत त्यांनी साऱ्या समुद्राला लावली. निउएच्या हक्काचा समुद्र आहे ३,१७,५०० चौरस किलोमीटर. त्यातल्या चाळीस टक्क्यांत, म्हणजे १,२७,००० चौरस किलोमीटरांत, मासेमारीला पूर्ण बंदी. आणि २०२३ साली त्यांनी जगाला हाक दिली, की एका चौरस किलोमीटरमागे अडीचशे न्यूझीलंड डॉलर द्या, आम्ही वीस वर्षे तो राखू. पूर्वी तिकिटे विकली, नाणी विकली. आता विकतात ती राखण. हा व्यवहार आम्हांला सर्वांत अब्रूदार वाटतो.

चिंता उरते ती भाषेची. निउएची भाषा टोंगाच्या भाषेची जवळची बहीण. तिचा शब्दकोश १९९७ साली निघाला. न्यूझीलंडमधल्या नव्या पिढीपैकी थोड्याच मुलांना ती नीट बोलता येते. दर ऑक्टोबरात तेथे निउए भाषेचा सप्ताह साजरा होतो. ज्या भाषेसाठी सप्ताह पाळावा लागतो, तिची प्रकृती कशी असेल ते मराठीच्या मास्तराने निराळे सांगायला नको. जमीन कायद्याने राखता येते, समुद्र पहाऱ्याने राखता येतो. भाषा राखायला मात्र घरात बोलणारी माणसेच लागतात, तिला दुसरा कायदा नाही.

स्वराज्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सैन्य येते, संचलन येते, तोफांची सलामी येते. निउएजवळ यातले काही नाही. त्याच्यावर कोणी चाल करून येणार नाही. त्याच्या स्वराज्याला भीती आहे ती एकाच गोष्टीची, विमानाच्या तिकिटाची. तेथे प्रत्येक तरुण सज्ञान झाला की त्याच्यापुढे एक सार्वमत उभे राहते: राहावे की जावे? जाण्याची सगळी सोय आहे, अडवणारे कोणी नाही, आणि जाणे हा गुन्हाही नव्हे. तरीही सोळाशे-सतराशे माणसे दर सकाळी ‘राहावे’ या बाजूने मत टाकतात. १९७४ चे सार्वमत एका दिवसात आटोपले. हे मात्र रोज चालू आहे.

निउएत भेटणाऱ्या माणसाला ‘फाकाआलोफा लाही आतु’ म्हणतात. नमस्काराचे हे शब्द, पण अर्थ आहे ‘तुम्हांला खूप खूप प्रेम’. कुकला हे शब्द ऐकायला मिळाले नाहीत. आमच्या वाचकांना ते आम्ही दिवाळीच्या शुभेच्छांसोबत पोचते करीत आहोत.